संगमरवरात न दिसणारी आग

इंग्लंडमध्ये लिचफील्ड नावाचं एक जुनं, छोटं शहर आहे. तिथल्या कॅथीड्रलच्या दक्षिण अंगाला, पार आतल्या टोकाशी, दोन लहान मुली दोनशेहून जास्त वर्षं झोपलेल्या आहेत. गादीला सुरकुत्या पडल्या आहेत. डोक्यांच्या भाराने उशी दबली आहे. दोघी एकमेकींना बिलगल्या आहेत आणि त्यांचे पाय उघडे आहेत. धाकटीच्या हातात स्नोड्रॉपची फुलं आहेत. थंडी सरता सरता बर्फातून डोकं वर काढणारी ती नाजूक पांढरी फुलं.

हे सगळं संगमरवरात कोरलेलं आहे. पण फोनवर त्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करत गेलं, की दगड मऊ वाटायला लागतो. आपण आवाज केला तर त्या जाग्या होतील असं वाटतं. घरात तान्हं बाळ झोपलेलं असताना आपण जसे चवड्यांवर चालतो, तसंच काहीसं त्या फोटोसमोर होतं.

शिल्पाचं नाव 'द स्लीपिंग चिल्ड्रन', म्हणजे झोपलेल्या मुली. साल १८१७. शिल्पकार फ्रान्सिस चँट्री. हे त्या मुलींचं स्मारक आहे.

मोठीचं नाव एलन-जेन, धाकटीचं मॅरिअ‍ॅन. त्यांचे वडील विल्यम रॉबिन्सन याच कॅथीड्रलशी जोडलेले धर्मगुरू होते. १८१२ मध्ये ते क्षयाने गेले. पुढच्या वर्षी, १८१३ मध्ये, एलन-जेन रात्री झोपायच्या तयारीत असताना तिच्या झोपायच्या झग्याने पेट घेतला आणि ती भाजून मरण पावली. १८१४ मध्ये मॅरिअ‍ॅन आजारी पडली आणि लंडनमध्ये वारली. तीन वर्षांत घर रिकामं झालं. मागे उरली ती एकटी आई. तिचंही नाव एलन-जेनच. कॅथीड्रलचे मुख्य धर्माधिकारी हे तिचे वडील होते.

या आईने चँट्रीला काम दिलं ते एका मागणीसह. माझ्या मुली रात्री अंथरुणात एकमेकींच्या मिठीत झोपलेल्या मी पाहायचे, तशाच त्या मला हव्यात.

चँट्रीने तसंच केलं. आणि इथेच माझी अडचण सुरू होते. या दोघी एकत्र मेल्या नाहीत, दोन मृत्यूंमध्ये वर्षभराचं अंतर आहे. मोठी झोपेत गेली नाही, झोपेच्या उंबरठ्यावर जळून गेली. शिल्पात आग नाही, धूर नाही, शेगडी नाही. भाजल्याची एक खूण नाही. ज्या अंथरुणापर्यंत त्या रात्री ती पोहोचलीच नाही, त्या अंथरुणावर शिल्पकाराने तिला कायमचं निजवलं आहे.

मग हे शिल्प खोटं बोलतं का? आणि बोलत असेल, तर असं खोटं बोलायची परवानगी कुणाला असते?

दूधवाला पोरगा आणि त्याचा कारखाना

चँट्रीचा जन्म १७८१चा, शेफील्डजवळच्या नॉर्टन गावातला. वडील सुतारकाम करत आणि थोडी शेती बघत. ते चँट्रीच्या लहानपणीच गेले. गाढवावर दूध लादून हा पोरगा शेफील्डला जायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे तो लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला. तिथून चित्रं, मग मातीचे मुखवटे, मग लंडन. १८३५ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १८४१ मध्ये तो गेला तेव्हा मोठी संपत्ती मागे होती. त्याला मूलबाळ नव्हतं. पत्नीच्या पश्चात ही संपत्ती ब्रिटनमध्ये घडलेल्या कलाकृती विकत घेण्यासाठी वापरावी, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्यातून घेतलेली चित्रं-शिल्पं आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

शिल्पकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा माणूस, हातात छिन्नी-हातोडा, अंगावर दगडाची भुकटी असं चित्र येतं. तेव्हाच्या लंडनमध्ये काम असं चालत नसे. शिल्पकार आधी मातीत नमुना करी. त्यावरून प्लास्टरचा साचा निघे आणि साच्यातून प्लास्टरची प्रत. मग सुई बसवलेल्या एका चौकटीने त्या प्रतीवरच्या शेकडो बिंदूंची खोली मोजत आणि संगमरवराच्या ठोकळ्यात तेवढीच खोल भोकं पाडत. मधला दगड कारागीर काढत जात. शेवटी त्वचा, कापड, केस यांच्यावर कसबी माणसाचा हात फिरे. या मुली दगडात उतरवण्याचं बरंचसं काम चँट्रीच्या कार्यशाळेतल्या एफ. ए. लेगे या कारागिराने केलं. मूळ रचना थॉमस स्टोथर्ड या चित्रकाराने काढून दिली होती, असंही त्या काळी बोललं गेलं आणि चँट्रीच्या बाजूच्या लोकांनी ते नाकारलंही.

म्हणजे एका आईची आठवण तीन-चार पुरुषांच्या हातांतून गेली. यातल्या कुणीही त्या मुलींना तसं झोपलेलं पाहिलेलं नव्हतं. तरीही गादीवरची सुरकुती खरी वाटते. याचं एक कारण असं, की चँट्रीने त्या काळच्या स्मारकांतलं नेहमीचं सामान वापरलंच नाही. पंखवाला देवदूत नाही, उलटी धरलेली मशाल नाही, कलशावर डोकं टेकून रडणारी ग्रीक पेहरावातली बाई नाही. आहे ते फक्त अंथरूण.

झोपलेल्या मुलाचं स्मारक ही कल्पना अगदी नवी नव्हती. लिचफील्डपासून फार लांब नसलेल्या अ‍ॅशबर्नच्या चर्चमध्ये पेनेलोपी बूथबी या मुलीचं संगमरवरी स्मारक आहे. सहा वर्षांची व्हायच्या आतच ती १७९१ मध्ये गेली. थॉमस बँक्सने १७९३ मध्ये तिला गादीवर झोपलेली कोरली, आणि तिच्याखाली चार भाषांमध्ये मजकूर आहे. दुःख एका भाषेत मावलं नसावं. पण पेनेलोपी एकटी झोपली आहे. चँट्रीच्या मुली दोघी आहेत, म्हणून त्या अधिक जिवंत वाटतात. एकीचा श्वास दुसरीच्या गालावर पडत असेल असं वाटून जातं.

नरो वा कुंजरो वा

खोटं म्हणजे काय, हे ठरवायला आपल्याकडे एक जुनी गोष्ट आहे, आणि तीही एका बापाला मुलाच्या मृत्यूची बातमी देण्याची. अश्वत्थामा मेला, असं धर्मराज द्रोणाचार्यांना सांगतो. हत्ती की माणूस, ते पुटपुटतो. शब्द पाहिले तर त्याने खोटं सांगितलेलं नाही. तरीही 'नरो वा कुंजरो वा' हा मराठीत लबाडीचाच वाक्प्रचार झाला. कारण आपल्या लोकांनी शब्द तपासले नाहीत, हेतू तपासला. समोरच्याने फसावं म्हणून ते वाक्य उच्चारलं गेलं होतं.

ही कसोटी लिचफील्डच्या शिल्पाला लावली तर ते सुटतं. या मुली नुसत्या झोपल्या आहेत असं कुणालाही पटवायचा त्याचा हेतू नाही. ते चर्चमध्ये आहे, स्मारक म्हणून आहे. आईला तर सगळंच ठाऊक होतं. शिवाय तिने 'मृत्यू झोपेसारखा दाखव' असं सांगितलं नव्हतं. तिने एक रात्र मागितली होती, जी खरोखर होऊन गेली होती. कदाचित शेकडो रात्री. दिवा हातात घेऊन खोलीत डोकावायचं, पांघरूण सारखं करायचं आणि दार ओढून घ्यायचं. मुलीच्या आयुष्यातल्या हजारो रात्रींपैकी शेवटची एकच भयानक होती. तिची ओळख त्या एकाच रात्रीने का ठरावी?

आपणही हेच करतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दवाखान्यातला, नाकात नळी असलेला फोटो कुणी लावत नाही. लग्नातला लावतो, सहलीतला लावतो. त्या निवडीला कुणी फसवणूक म्हणत नाही.

आणि मराठी भाषा तर असे संगमरवरी शब्द पिढ्यान्‌पिढ्या कोरत आली आहे. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना 'जातो' म्हणालं तर आई ओरडते, 'येतो म्हण'. माणूस मरत नाही; जातो, वारतो, देवाज्ञा होते. लहान मूल असेल तर ते देवाघरी जातं. ही भाषा भित्री आहे असं मला वाटत नाही. समोर बसलेल्या माणसाला आज किती झेपेल याचा अंदाज घेऊन ती बोलते.

पण याच भाषेत आणखी एक वाक्य आहे, जे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर नेमाने यायचं. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' काही वेळा तो खरोखर अपघात असे. अनेकदा नसे. त्या वाक्यात कर्ताच नव्हता, स्टोव्ह आपोआप भडकत होता. सासरच्या छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं आणि हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मध्ये. म्हणजे त्या मऊ वाक्याच्या आत काय दडलं आहे, हे कायद्याच्या भाषेत लिहायला बायकांना रस्त्यावर उतरून झगडावं लागलं.

'देवाघरी गेलं' आणि 'स्टोव्हचा भडका उडाला', दोन्ही वाक्यं मृत्यूची धार बोथट करतात. एक रडणाऱ्या माणसाला सांभाळतं. दुसरं जबाबदार माणसाला सांभाळतं. वरवर पाहता दोन्हीतला मऊपणा सारखाच असतो, म्हणून तर घोटाळा होतो.

गर्दी कशासाठी रडली?

आता शिल्पाकडे परत. लिचफील्डला जाण्याआधी ते १८१७ मध्ये लंडनला रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. त्याच प्रदर्शनात कानोव्हा या युरोपभर गाजलेल्या इटालियन शिल्पकाराच्या दोन मूर्ती होत्या. त्यांच्याकडे लोकांचं फारसं लक्ष गेलं नाही, सगळी गर्दी या मुलींभोवती होती, आया डोळे पुसत निघायच्या आणि पुन्हा परत यायच्या, असं वर्णन चँट्रीच्या गोटातून आलेलं आहे. आपल्या माणसाचं कौतुक म्हणून त्यातलं थोडं कमी करा. तरीही एवढं खरं, की या शिल्पाने चँट्रीचं नाव घराघरात नेलं.

इथे माझा सूर बदलतो. आईच्या बाबतीत जे खरं होतं, ते या गर्दीच्या बाबतीतही खरं होतं का?

आई रडत होती ती तिच्या मुलींसाठी. गर्दीतल्या कित्येक बायका स्वतःच्या गेलेल्या मुलांसाठी रडत असतील. त्या काळात मूल गमावलेलं नाही असं घर शोधावं लागलं असतं. तेवढ्यापुरतं हे शिल्प त्यांचंही होतं. पण त्याच लंडनमध्ये जवळपास प्रत्येक घरात उघडी शेगडी होती, हातात मेणबत्ती होती, आणि मुलींच्या अंगात पातळ सुती किंवा मलमलीचे लांब झगे होते. झगा पेटून मूल मरणं हे दुर्मीळ दुर्दैव नव्हतं, ती घरोघरची भीती होती. प्रदर्शन बघून, डोळे पुसून, लोक त्याच शेगडीकडे परत गेले.

ब्रिटनमध्ये मुलांसाठीचा मोठा कायदा झाला तो १९०८ साली. त्यात एक कलम होतं: सात वर्षांखालच्या मुलाला पुरेसा आडोसा नसलेल्या शेगडीच्या खोलीत राहू दिलं आणि ते भाजून मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला दंड. १८१७ ते १९०८, मध्ये एक्क्याण्णव वर्षं.

या एक्क्याण्णव वर्षांचं खापर मी एका शिल्पावर फोडत नाही. शिल्प म्हणजे अग्निशमन दलाचं पोस्टर नव्हे. भाजलेली मुलगी संगमरवरात कोरली असती तर ते आईवर क्रौर्य झालं असतं आणि मुलीवर दुसऱ्यांदा झालं असतं. मेलेल्या मुलाच्या देहालाही अब्रू असते. ती वेशीवर टांगून समाजाला जागं करायचं, हा सौदा मला मान्य नाही.

पण 'झोप किंवा जखम' एवढे दोनच पर्याय असतात का? २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा एक फोटो जगभरच्या फोनवर फिरला. लाल टी-शर्ट घातलेला छोटा मुलगा वाळूत पालथा पडलेला. तोही झोपल्यासारखाच दिसत होता. अंगावर जखम दिसत नव्हती. तरी तो फोटो झोपेचा वाटला नाही, कारण चौकटीत समुद्र होता. बूट पायात होते आणि पाण्याची कड तोंडाशी होती. मुलाच्या देहाची विटंबना न करता तो कशाने मेला ते त्या चौकटीने सांगितलं.

चँट्रीच्या चौकटीत समुद्र नाही. म्हणजे, शेगडी नाही. खाली गादी आहे, वर छत आहे, आणि मध्ये एक अशी शांतता आहे जिच्यात कुणाचाच काही दोष नाही. आईला ती शांतता हवी होती. 'त्या क्षणी मी कुठे होते' हा प्रश्न तिला जन्मभर पुरला असेल, तो दगडातही कशाला हवा? पण गर्दीला ती शांतता फुकट मिळाली. काही न गमावता, काही न बदलता, रडून हलकं होण्याची सोय झाली.

एकच शिल्प आईसाठी आठवण होतं आणि गर्दीसाठी पळवाट. दगड तोच होता, समोर उभं असलेलं माणूस बदललं होतं.

एशियाटिकमधले दोन साहेब

मुंबईत राहणाऱ्यांना चँट्री बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. फोर्टमधल्या ज्या पांढऱ्या पायऱ्यांवर आपण फोटो काढतो, त्या एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्याने घडवलेले पुतळे आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम, मुंबईचे एकामागून एक झालेले दोन गव्हर्नर. संगमरवर तसाच पांढरा, चेहरे तसेच शांत.

योगायोग असा की १८१७ हेच साल इथेही महत्त्वाचं आहे. एल्फिन्स्टन तेव्हा पेशव्यांच्या दरबारी पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट होता. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली आणि त्यात एल्फिन्स्टनचे ग्रंथ, कागदपत्रं जळाली. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध जी लढाई झाली, तिच्यात माल्कम होता. पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली. लिचफील्डच्या मुली ज्या वर्षी संगमरवरात निजल्या, त्याच वर्षी इकडे एक राज्य कोसळत होतं. आणि त्यात भाग घेणाऱ्या दोघांचे चेहरे पुढे त्याच शिल्पकाराकडे गेले.

त्या पुतळ्यांत खडकी नाही, महिदपूर नाही, जळलेले कागद नाहीत. एल्फिन्स्टन राक्षस होता असं मला म्हणायचं नाही. विद्येची आवड असलेला, इथे शिक्षणाचा पाया घालू पाहणारा माणूस होता तो. पण तो जिंकायला आलेल्या कंपनीचा नोकरही होता, आणि ही दुसरी ओळख संगमरवराने पुसून काढली. उरला तो एक सभ्य, विचारी, थोडासा थकलेला गृहस्थ. त्याच्याकडे बघून कुणालाही वाटावं, की सत्ता आपोआप, कुणाला ओरखडाही न उठता, या शांत माणसाच्या हाती आली असेल.

चँट्रीची खासियत हीच होती. खडबडीत आयुष्यावरून हात फिरवून तो ते गुळगुळीत करी. शोकात बुडालेल्या आईसाठी ती दया ठरली, सत्ताधाऱ्यासाठी ती रंगसफेदी झाली. हात तोच, पॉलिश तेच. म्हणून कौशल्याकडे बघून नैतिक निवाडा करता येत नाही. हे गुळगुळीतपण कुणी मागितलं आणि त्यामुळे कुणाचं काय झाकलं गेलं, हे विचारावंच लागतं.

झोप आणि घटसर्प

यावर माझ्याकडे सिद्धांत नाही, एक माणूस आहे. माझी आजी.

आजीचा पहिला मुलगा अडीच वर्षांचा असताना गेला. ज्यांना मी मोठे काका म्हणायला हवं होतं, त्यांचा घरात एकही फोटो नाही. आजी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची. पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तो झोपायचा नाही, आणि झोपल्यावरही मूठ सुटायची नाही. मग मी तशीच आडवी पडून राहायचे, स्वयंपाक राहायचा, सासूबाई बोलायच्या. बस, एवढंच. शेवटचे दिवस, घशातली घरघर, तालुक्याला नेताना लागलेला वेळ, यातलं काही तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. तिच्याकडे संगमरवर नव्हता, पण तिने नेमकी चँट्रीचीच मागणी केली होती. तिला तिचं मूल झोपलेलं हवं होतं.

पण याच आजीची दुसरी एक सवय होती. घरात, शेजारात, कामवाल्या मावशींच्या घरी, कुठेही बाळ जन्मलं की ती विचारायची, त्रिगुणी टोचली का? कुणी म्हणालं, ताप येतो हो, पुढच्या महिन्यात बघू, की आजीचा आवाज बदलायचा. 'घटसर्पाने गेलाय माझा,' ती म्हणायची. देवाघरी गेला असं नाही, नशिबात नव्हता असं नाही. रोगाचं नाव घेऊन, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. माझ्या चुलत बहिणीच्या बाळाच्या वेळी तर ती स्वतः रिक्षात बसून लसीकरणाला गेली होती.

म्हणजे आजीकडे दोन गोष्टी होत्या आणि तिने त्यांची कधी गल्लत केली नाही. स्वतःसाठी झोप, दुसऱ्याच्या मुलासाठी घटसर्प. आठवण मऊ ठेवायचा हक्क तिने पुरेपूर वापरला. पण त्या मऊपणाआड रोगाला लपू दिलं नाही. मला वाटतं, इतक्या पानांत मी जे शोधत होतो ते एवढंच आहे.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. समजा, त्यांच्यासाठी उद्या कुणी संगमरवरात दहा झोपलेली बाळं कोरली. ती कशी वाटतील? त्या दहांपैकी एखाद्या आईने तशी मागणी केली, तर तिच्यापुढे मान खाली घालून मी गप्प राहीन. तिला आग नको असेल तर नसू दे. पण हीच मागणी सरकारी खात्याकडून आली, तर माझा पहिला प्रश्न असेल की आग कुठे आहे? विजेच्या तारा कुठे आहेत, अग्निसुरक्षेची तपासणी कुठे आहे? ज्याचं काही गेलं नाही आणि ज्याने उत्तर द्यायचं आहे, त्याला झोपेचं शिल्प मागण्याचा हक्क नाही.

आणि आपण, जे गर्दीत उभे आहोत? आपलं ना मूल गेलेलं असतं, ना खुर्ची. आपण फक्त बघतो, डोळ्यांत पाणी येतं, फॉरवर्ड करतो. हल्ली मेलेल्या माणसाच्या फोटोला हसतं, डोळे मिचकावतं करणारी अ‍ॅप्स आहेत. दुर्घटनेत गेलेल्या मुलांची ढगांत खेळतानाची गोड चित्रं काही तासांत तयार होतात. चँट्रीच्या कार्यशाळेला जे करायला महिने लागायचे, ते आता कुणीही मिनिटात करू शकतं. अशा चित्रावर रडू येणं वाईट नाही. पण ते पुढे पाठवताना त्याखाली एक ओळ आपण लिहू शकतो: हे मूल कशाने गेलं.

लिचफील्डमध्ये आता तसं झालं आहे. शिल्प जसंच्या तसं आहे. आईला दिलेला शब्द दगडाने मोडलेला नाही, तिथे अजूनही आग नाही. पण कॅथीड्रल त्या मुलींची गोष्ट सांगतं तेव्हा पेटलेल्या झग्याबद्दलही सांगतं. आधी आपण झोप बघतो, मग ते वाक्य वाचतो, आणि पुन्हा वर बघितलं की धाकटीच्या हातातली फुलं मघाच्यापेक्षा जड वाटतात.